वसुलीचे फोन येतायत, खरे की बोगस कसं ओळखायचं?

रेवती_म
बाबांना सध्या सारखे फोन येतायत. समोरचा म्हणतो मी वसुली एजन्सीकडून बोलतोय, तुमच्या नावावर जुनं कर्ज थकलंय, आज संध्याकाळपर्यंत भरलं नाही तर पोलीस घरी येतील. बाबांनी स्वतः कधी कर्ज काढलं नाही, पण बऱ्याच वर्षांपूर्वी एका मित्राला जामीन राहिले होते आणि तो मित्र आता संपर्कात नाही, त्यामुळे त्यांना वाटतंय की खरंच काहीतरी असेल. त्या माणसाला बाबांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जुना पत्ता सगळं माहितीये. बाबांची झोप उडालीये, म्हणतात थोडे पैसे भरून टाकू म्हणजे कटकट मिटेल. नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून येतो. काय करू?

सुहास_के
थोडेसुद्धा भरू देऊ नका. फोन बोगस असेल तर हा माणूस घाबरून पैसे देतो हे त्यांना कळतं आणि मग फोन वाढतात. आणि कर्ज खरं असेल तरी घाईत भरू नये, कारण जुन्या कर्जाला दावा करायची कायद्याने मुदत असते (आपल्याकडे साध्या कर्जाला साधारण ३ वर्षं, मुदत कायदा १९६३), ती संपायच्या आत थोडी रक्कम भरली किंवा कर्ज मान्य आहे असं लिहून दिलं तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ शकते. जामीनदाराचं गणित अजून वेगळं असतं, ते वकिलालाच विचारा.
नाव, पत्ता, जन्मतारीख याला काही अर्थ नाही, असा डेटा सर्रास लीक होतो.

जुना_बँकवाला
मी वसुली विभागात काम केलंय म्हणून सांगतो. खऱ्या माणसाला विचारलं की मूळ कर्ज कुठल्या बँकेचं, खाते नंबर काय, तुम्हाला नेमल्याचं पत्र दाखवा, तर तो देतो, आणि न देणारा चिडतो, आवाज चढवतो, फोन ठेवू नका म्हणतो. पैसे कुठे भरायचे हेही नीट ऐका, खरी वसुली कर्जखात्यात जमा होते, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर, क्यूआरवर किंवा गिफ्ट कार्डने नाही. कर्ज थकलं म्हणून संध्याकाळपर्यंत अटक असं काही नसतं, कर्जवसुली ही दिवाणी बाब आहे (चेक बाउन्स किंवा फसवणुकीची केस वेगळी). आणि सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, धमकी आणि शिवीगाळ तर चालतच नाही.
स्क्रीनवर बँकेचं नाव दिसलं तरी विश्वास ठेवू नका, ते बनवता येतं. त्यांनी दिलेल्या नंबरवर उलट फोन करू नका, बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा स्वतः साइट उघडून घ्या.
तुमच्या केसमध्ये सगळ्यात आधी बाबांचा क्रेडिट रिपोर्ट (त्यांच्या नावावरच्या कर्जांची नोंद) काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या तो देणाऱ्या कंपन्या, प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. जामीन राहिलेलं कर्जही त्यात दिसतं. अगदी जुनं असेल तर कदाचित नसेल, मग त्या बँकेच्या शाखेत जाऊन लेखी विचारा.

अनघा_परदेशी
अमेरिकेत कुणाचे आईवडील असतील तर त्यांच्यासाठी, तिकडे १९७७ चा वसुलीबद्दलचा केंद्रीय कायदा आहे. पहिल्या संपर्कानंतर ५ दिवसांत एजन्सीला कर्जाचा तपशील द्यावा लागतो, आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत घेतली तर पुरावा देईपर्यंत वसुली थांबवावी लागते. त्यामुळे "लेखी पाठवा" एवढंच म्हणायचं आणि ठेवायचं.

रेवती_म
खूप आभार सगळ्यांचे. रिपोर्टसाठी आजच अर्ज करते. पण काल तो म्हणाला की नातेवाइकांना फोन करून सांगेन, बाबा त्यालाच जास्त घाबरलेत.

जुना_बँकवाला
मग नातेवाइकांना तुम्हीच आधी सांगून ठेवा, त्याच्या हातात काही उरणार नाही. खऱ्या एजंटलाही नातेवाइकांना त्रास द्यायला परवानगी नाही. फोनची तारीख, वेळ, नंबर लिहा, जमलं तर रेकॉर्ड करा. पैसे गेले नसले तरी संचार साथी या सरकारी पोर्टलवर चक्षू नावाची संशयास्पद फोन कळवायची सोय आहे, तिथे नंबर कळवता येतो. चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. आणि ओटीपी मागितला किंवा कुठलं ॲप टाकायला सांगितलं तर एक शब्द न बोलता फोन बंद.

सुहास_के
रेवती, काही दिवस अनोळखी फोन तुम्हीच घ्या, बाबांना घेऊ देऊ नका. आणि त्यांना सांगा, जामीन राहून त्यांनी काही गुन्हा केलेला नाही.