थंडी पडली, कुंड्या आत घेतल्या का?

काल रात्री फोनवर ३८ फॅरनहाइट दिसलं आणि चपला अडकवून तशीच डेकवर धावले. न्यू जर्सीत ऑक्टोबर अर्धा सरला की हे दरवर्षीचंच. कढीपत्त्याची कुंडी आत घेताना फांद्या दाराच्या चौकटीला घासल्या आणि फोडणी घातल्यासारखा वास सुटला, एकदम आई आठवली. २०१६ ला ती इथे आली तेव्हा हे वीतभर रोप होतं, तिनेच मोठ्या कुंडीत लावलं, जाताना एअरपोर्टवर म्हणाली, "त्याला गारठ्यात ठेवू नकोस गं." आई तीन वर्षांपूर्वी गेली. रोप आता माझ्या खांद्याला लागतं. तुम्ही कशी जपता झाडं, लिहा ना.

*

ताई, गलबलून आलं. आमचा शिकागोचा कढीपत्ता डिसेंबरात सगळी पानं गाळतो, पहिल्या वर्षी मेला समजून टाकायला निघाले होते, नवऱ्याने नखाने फांदी खरवडून दाखवली तर आत हिरवीगार! तेव्हापासून थंडीत पाणी अगदी बेताचं, वरची बोटभर माती कोरडी झाल्याशिवाय नाहीच. मार्चमध्ये कोंब फुटतात.

*

आत आणायच्या आधी पानांची खालची बाजू बघा!! मी न बघता आणला आणि खवले कीड मोगऱ्यावर पण गेली, वर हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी झाला तो वेगळाच. कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पाण्यात घालून बाहेरच फवारायचं, मग आठवडाभर बाकीच्यांपासून लांब ठेवायचं.

*

तुळस कोणाची जगते का? माझी दरवर्षी जाते. निदान तुळशीच्या लग्नापर्यंत राहावी म्हणून सप्टेंबरातच दक्षिणेच्या खिडकीत घेते. गेल्या वर्षी लग्न लागलं आणि आठवड्यात नुसत्या काड्या, फार वाईट वाटलं. मंजिऱ्या पाकिटात ठेवल्यात बियांसाठी.

*

तुळशीवाल्या ताई, बियांपुरत्या दोन ठेवा, बाकी मंजिऱ्या दिसल्या की खुडत राहा, आणि ग्रो लाइट लावा दिवसाला १२-१४ तास. टोरांटोत माझी तीन हिवाळे टिकलीये. मुलांना उठवायचंय, नंतर लिहिते.

*

आम्ही फ्लोरिडात, आत घ्यायची वेळ क्वचितच. पण कॅलिफोर्नियातल्या बहिणीला कढीपत्त्याचं रोप नेता येत नाही, सिट्रस ग्रीनिंग हा झाडांचा रोग पसरवणारे सायला नावाचे बारीक किडे त्यावर वाढतात म्हणून लिंबू-संत्र्याच्या बागांसाठी बंदी आहे. बरोबरच आहे, पण ती बिचारी विचारत असते.

*

अळूचे कंद मी आधीच उकरून वर्तमानपत्रात गुंडाळून बेसमेंटमध्ये ठेवलेत, मे मध्ये परत लावीन. शेवटच्या पानांच्या काल वड्या केल्या, चिंच सढळ हाताने घाला नाहीतर घसा खवखवतो.

*

सगळ्यांना थँक्यू गं. पानं उलटून बघितली तर खरंच दोन खवले होते, कापसाने पुसले. कुंडी आता ओट्याशेजारच्या खिडकीत आहे. वड्यांवाल्या ताई, सढळ म्हणजे किती चिंच, सांगाल का?