विषय: केएसएमचा आकडा शून्यावर (धरमपेठचं मशीन)

सचिव, नागपूर
मंडळी, केएसएम म्हणजे व्हीएममधली सारखी मेमरीची पानं जोडून एकदाच ठेवायची अन् रॅम वाचवायची लिनक्स कर्नलची सोय. किती पानं अशी वाचली ते सांगणारा तिचा आकडा, पेजेस_शेअरिंग, शनिवारपासून शून्य दाखवून राहिला. रन फाइलमध्ये 1 आहे, म्हणजे केएसएम चालू आहे, ते आधीच बघितलं. चारही व्हीएम (मशीनच्या आत चालणारी आभासी मशीनं: संग्रह, ओसीआर, वेबसाइट अन् सभासद यादी) एकाच आवृत्तीच्या डेबियन लिनक्सवर, म्हणजे सारखी पानं निघायलाच पाहिजेत. आधी आकडा साडेपाच लाखांच्या वर असायचा. 4 केबीचं एक पान धरलं तर दोन जीबीहून जास्त बचत. आता होस्ट (म्हणजे खरं मशीन) रॅम पुरत नाही म्हणून स्वॅपमध्ये, डिस्कवर जातो अन् दिवाळी अंकांचं ओसीआर (स्कॅनमधून मजकूर काढणं) सकाळपर्यंत उरकत नाही. लवकर सांगा.

कोषाध्यक्ष, न्यू जर्सी
नवीन रॅम या वर्षी होणार नाही. गणेशोत्सवाच्या हॉलचे पैसे भरायचे आहेत. मशीन नागपुरात ठेवायचं ठरलं तेव्हाच विजेचा आणि उन्हाळ्याचा मुद्दा मी बैठकीत मांडला होता, तो इतिवृत्तात आहे.

काका, महाल
ताई, नागपूरचा उन्हाळा आम्ही पाहून घेतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला तरी मशीन चालूच होतं, कूलरमध्ये पाणी भरायला आम्हीच जातो.

अन् सचिव, तुम्ही थोडं थांबा. केएसएमचा स्कॅनर मुळात सावकाश. मूळ सेटिंगमध्ये 100 पानं बघतो अन् 20 मिलिसेकंद झोपतो. सेकंदाला फार तर 5,000 पानं, म्हणजे 20 एमबीच्या आसपास. 8 जीबीची एक फेरी व्हायलाच सात मिनिटं लागतात. शिवाय पान दोन फेऱ्यांमध्ये बदललं नाही तरच ते जोडायला घेतो.

सचिव, नागपूर
काका, शनिवारपासून म्हटलं मी. सात मिनिटांचा प्रश्न नाही.

दादा, श्टुटगार्ट
शनिवारी व्हर्टिओएफएस (होस्टवरचा फोल्डर व्हीएमना थेट दाखवायची सोय) सुरू झालं ना? कारण तेच आहे.

व्हर्टिओएफएसचा डिमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम) होस्टवर वेगळी प्रोसेस म्हणून चालतो आणि त्याला व्हीएमची मेमरी थेट वाचावी-लिहावी लागते. म्हणून त्या व्हीएमची मेमरी शेअर=ऑन, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसलाही खुली, करावी लागते. केएसएम मात्र फक्त खाजगी, अनामिक (कुठल्या फाइलची नसलेली) पानं जोडतं. जोडलेल्या पानावर कोणी लिहिलं की त्याला वेगळी प्रत काढून द्यायची, हा सगळा व्यवहार खाजगी मेमरीतच जमतो. क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) कर्नलला ‘ही पानं जोडा’ असं अजूनही सांगतं, पण शेअर्ड मेमरी दिसली की कर्नल ती सूचना सोडून देतं. एरर येत नाही, लॉगमध्ये ओळ नाही. चारही व्हीएमना एकच एक्सएमएल (सेटिंगची फाइल) लावलेलं दिसतंय, त्यामुळे चारही केएसएमच्या बाहेर पडल्या.

सचिव, नागपूर
व्हर्टिओएफएस मी काढणार नाही. स्कॅनची ट्रंक, म्हणजे फोल्डर, एक, ती संग्रहाच्या व्हीएममध्ये पण पाहिजे अन् ओसीआरच्या पण. नाइन-पीवर (फोल्डर द्यायची आधीची पद्धत) बारीक फायलींचं किती रखडत होतं ते मीच बघितलं आहे, दुसऱ्या कोणी नाही. वेबसाइट अन् सभासद यादीच्या व्हीएममधून काढते, त्यांना त्याचं काही काम नाही.

काका, महाल
मग दोन्ही व्हीएममध्ये मेमरीच सामायिक करा ना बाप्पा. आयव्हीएसएचमेम आहे. पीसीआय कार्ड लावल्यासारखा एकच मेमरीचा तुकडा दोघींना दिसतो. आमच्या जुन्या नोकरीत दोन प्रक्रियांमध्ये मोजमापाचे आकडे असेच फिरायचे, डिस्कला हात लागत नव्हता.

दादा, श्टुटगार्ट
काका, आकड्यांना ते उत्तम. पण तिथे फाइल सिस्टीम नाही, नुसते बाइट मिळतात. एक लिहीत असताना दुसऱ्याने थांबायचं, हे कुलूप आपणच लिहायचं. टिफच्या (स्कॅनच्या चित्रफायलींच्या) ढिगासाठी ते कोण सांभाळणार?

सभासद नोंदणी, सिंगापूर
सचिवांच्या योजनेत खाजगी मेमरी उरते ती नेमकी वेबसाइटची आणि सभासद यादीची. म्हणजे पानं जोडली जाणार ती या दोघींचीच! याला माझी हरकत आहे. वेबसाइटमध्ये शिरलेल्याने ओळखीचा मजकूर असलेलं पान तयार करायचं, स्कॅनरची वाट बघायची आणि मग त्यावर लिहायचं. लिहायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला की समजलं, शेजारच्या व्हीएममध्ये तसंच पान आहे. याच धोक्यापायी व्हीएमवेअरने 2014 मध्ये दोन व्हीएममधली पानं जोडणं मूळ सेटिंगमध्ये बंद केलं. 2016 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठातल्या संशोधकांनी तर जोडलेल्या पानातला बिट रोहॅमरने (मेमरीच्या शेजारच्या ओळी पुन्हा पुन्हा वाचून बिट उलटवायचा हल्ला) उलटवून दाखवला. यादीत लोकांचे पत्ते, फोन आणि मुलांची नावं आहेत. तिला नोशेअरपेजेस (या व्हीएमची पानं जोडू नका, ही सेटिंग) लावा.

कोषाध्यक्ष, न्यू जर्सी
मुलांची नावं यादीत का आहेत? बालविभागाची वर्गणी बंद होऊन काळ लोटला.

दादा, श्टुटगार्ट
सिंगापूरशी सहमत. जोडायच्याच असतील तर संग्रह आणि ओसीआर जोडा. दोन्ही आतल्या, बाहेरून कोणाचा शिरकाव नाही, आणि रॅमही त्याच खातात. त्यासाठी त्यांचं व्हर्टिओएफएस सोडावं लागेल. संग्रहाने आतल्या ब्रिजवरून (व्हीएमना जोडणारं मशीनमधलंच नेटवर्क) एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर द्यायची पद्धत) फोल्डर द्यावा. नाइन-पीशी तुलना नको, एका वर्षाच्या अंकांवर चालवून बघा. व्हीएम आतून रीबूट करून भागणार नाही, पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी लागेल.

सचिव, नागपूर
रात्री करून पाहिलं. संग्रह अन् ओसीआर खाजगी मेमरीवर, मध्ये एनएफएस. वेबसाइट अन् यादी दोघींनाही नोशेअरपेजेस. आकडा तीन लाखांच्या वर गेला, स्वॅप रिकामा, ओसीआर पहाटेच उरकलं. व्हर्टिओएफएसपेक्षा थोडं हळू आहे, पण चालेल. एक्सएमएल आता माझ्याकडेच राहील. कोणाला बदल करायचा असेल तर आधी इथे लिहा.

काका, महाल
स्कॅनरचा वेग वाढवू का? 100 चे 500 करतो.

सचिव, नागपूर
ओसीआर चालू असताना नको, सीपीयू तिकडेच लागतो. दिवसा करा.