ॲप्रिकॉट : लॅटिन की अरबी?

प्रश्न : 'ॲप्रिकॉट' या शब्दाचं मूळ कुणी अरबी सांगतं, कुणी लॅटिन. यांतलं बरोबर काय? आणि आपल्या 'जर्दाळू'शी त्याचं काही नातं आहे का?

दोन्ही बरोबर आहेत. अडचण 'मूळ' या शब्दाची आहे. शब्द एका भाषेतून निघून थेट दुसरीत आला असेल, तर मूळ एका शब्दात सांगता येतं. ॲप्रिकॉट तसा आलेला नाही. तो रोमहून ग्रीकांकडे, ग्रीकांकडून अरबांकडे, अरबांबरोबर स्पेनमध्ये आणि तिथून फ्रान्समार्गे उत्तरेकडे गेला. दर मुक्कामी त्याचा एखादा अवयव बदलला, आणि हे बदल आजही त्याच्या अंगावर दिसतात.

रोमन लोकांना हे फळ पूर्वेकडून मिळालं. पीचला ते 'पेर्सिकुम मालुम' म्हणजे इराणी सफरचंद म्हणत आणि जर्दाळूला 'आर्मेनियाकुम मालुम', म्हणजे आर्मेनियाचं सफरचंद. वनस्पतिशास्त्रात जर्दाळूचं नाव आजही 'प्रुनस आर्मेनियाका' आहे. पण जर्दाळू पीचच्या आधी पिकतो, म्हणून त्याला दुसरं नाव पडलं, 'प्राएकोकुम' : लवकर पिकलेलं. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य दिओस्कोरिदेस नोंदवतो की या फळाला रोमन लोक 'प्राइकोकिया' म्हणतात. पुढे ग्रीकमध्येच त्याचं 'बेरिकोक्कोन' झालं (आजचं ग्रीक 'वेरीकोको') आणि अरबीत 'बर्कूक'.

इथे जरा थांबायलाच हवं. 'प्राएकोकुम'मध्ये 'प्राए' म्हणजे आधी आणि 'कोक्वेरे' म्हणजे शिजवणं, पिकवणं. हा 'कोक्वेरे' आणि संस्कृत 'पच्' एकाच प्राचीन धातूचे वंशज आहेत. पाक, पक्वान्न, पक्व आणि 'पक्व'वरून प्राकृतातून आलेलं आपलं 'पिकणं', हा सगळा एकच गोतावळा. रोमन माणसालाही शिजण्याला आणि पिकण्याला एकच क्रियापद पुरत होतं. तेव्हा जर्दाळूशी नसलं, तरी 'पिकण्या'शी ॲप्रिकॉटचं नातं अगदी सख्खं आहे. इंग्रजीत हाच लॅटिन शब्द दुसऱ्या वाटेने, थेट ग्रंथांतून आला आणि त्याचा 'प्रिकोशस' झाला. वयाच्या मानाने फार लवकर समज आलेल्या मुलाला ते विशेषण लावतात. एकाच शब्दाची दोन रूपं एकाच भाषेत नांदतात आणि बोलणाऱ्याला त्यांचा एकमेकांशी संबंध आहे अशी शंकाही येत नाही.

आता स्पेन. अरबीत नामाआधी 'अल' हे उपपद लागतं. अरबी न येणाऱ्या कानाला 'अल-बर्कूक' हा सलग शब्द ऐकू आला आणि उपपद नामात मुरलं. स्पॅनिश 'आल्बारिकोके', कातालान 'आल्बेर्कोक', इटालियन 'आल्बिकोक्का'. फ्रेंचांनी 'ल' गाळला आणि 'आब्रिको' केलं (लिहिताना शेवटी 'ट' येतो, पण तो उच्चारत नाहीत). इंग्रजीत सोळाव्या शतकात शेवटी 'कॉक' असलेली रूपं सापडतात, म्हणजे शब्द आधी स्पेन-पोर्तुगालच्या बाजूने आला होता. फ्रेंचच्या प्रभावाने शेवटचा 'क' जाऊन 'ट' आला. 'ब'चा 'प' का झाला, याचं कारण बहुधा 'आप्रिकुस' हा लॅटिन शब्द, अर्थ 'उन्हातलं'. हे फळ उन्हात पिकतं म्हणून त्याचं हे नाव, अशी व्युत्पत्ती सतराव्या शतकात मांडली गेली होती. व्युत्पत्ती चुकीची, पण चुकीची व्युत्पत्तीसुद्धा शब्दाचं रूप बदलू शकते.

डच 'आब्रिकोस' आणि त्यावरून आलेलं जर्मन 'आप्रिकोझे' तर मला सगळ्यांत मोलाची वाटतात. त्यांच्या शेवटचा 'स' हा फ्रेंच अनेकवचनाचा प्रत्यय आहे. फळं बाजारात एकेकटी येत नाहीत, म्हणून कानावर अनेकवचनच पडलं आणि तेच एकवचन ठरलं. जर्मन शब्दाच्या सुरुवातीचा 'आ' अरबी उपपदाचा, शेवटचा 'झ' फ्रेंच प्रत्ययाचा आणि मधला गाभा लॅटिन. याला 'अपभ्रंश' म्हणणं मला पटत नाही. प्रत्येक बदलाला कारण आहे आणि ते कारण शोधून दाखवता येतं.

अर्थही जागचा हलला. इजिप्तकडच्या अरबीत 'बर्कूक' म्हणजे आता प्लम, आणि जर्दाळूला 'मिश्मिश'. जुना अर्थ टिकला तो युरोपात, माल्टामध्ये. माल्टी भाषा अरबीच्याच कुळातली आहे आणि तिच्यात 'बेर्कूक' म्हणजे जर्दाळूच. आठळीच्या फळांची नावं अशी सारखी शेजारच्या फळावर सरकतात. दमास्कस शहराच्या नावावरून इंग्रजीत 'डॅम्झन' आला, तो एक छोटा जांभळा प्लम. त्याच शहरावरून आलेला 'दामास्को' हा शब्द ब्राझील आणि अर्जेंटिनात जर्दाळूसाठी वापरतात.

ऑस्ट्रियात मात्र 'आप्रिकोझे' चालत नाही. तिथे 'मारिले'. हा शब्द इटलीकडून, त्या जुन्या 'आर्मेनियाचं सफरचंद' या नावातून आलेला. डॅन्यूबकाठच्या वाखाऊ खोऱ्यातले मारिले नावाजलेले आहेत. 1995 साली ऑस्ट्रिया युरोपीय संघात गेला, तेव्हा करारातल्या दहाव्या प्रोटोकॉलमध्ये ऑस्ट्रियन जर्मनमधले खाण्यापिण्याचे 23 शब्द जर्मनीतल्या शब्दांच्या बरोबरीचे म्हणून नोंदले गेले. त्यांत 'मारिलेन' आहे, बटाट्याचा 'एर्डेप्फेल' म्हणजे भू-सफरचंद आहे आणि टोमॅटोचा 'पाराडाइझर' आहे, ज्यात स्वर्ग दडलाय. एका छोट्या देशाने आपल्या भाजीबाजारातल्या शब्दांना कायद्यात जागा मागून घेतली, याचं मला फार कौतुक आहे.

राहिला 'जर्दाळू'. तो फारसी 'जर्द' (पिवळा) आणि 'आलू' (प्लम) यांचा. ॲप्रिकॉटशी त्याचा संबंध नाही. आलुबुखारमधला 'आलू' तोच, म्हणजे बुखाऱ्याचा प्लम. हिंदीत बटाट्याला म्हणतात तो 'आलू' वेगळा, तो संस्कृत 'आलुक' या कंदवाचक शब्दावरून आला. हंगेरियनमध्ये जर्दाळूला 'शारगाबाराट्स्क' म्हणतात. 'शारगा' म्हणजे पिवळा, आणि 'बाराट्स्क' हा त्या 'पेर्सिकुम'चा स्लाव भाषांतून आलेला वंशज. जे नाव इराण्यांनी ठेवलं, त्याच्या अगदी जवळचं नाव हंगेरियनांना स्वतंत्रपणे सुचलं.

पुढचा प्रश्न : अनेकवचनाचं एकवचन झाल्याची आणखी उदाहरणं आहेत का?

भरपूर, आणि सगळ्यांत ठसठशीत उदाहरण बेकरीतलं आहे. जर्मनीतल्या हानोव्हर शहरातल्या हेर्मान बाल्सेनने 1891 मध्ये 'लायब्निझ केक्स' नावाची बिस्किटं बाजारात आणली. 'केक्स' हे इंग्रजी 'केक'चं अनेकवचन, पण जर्मन माणसाने ते एका बिस्किटाचं नाव समजून घेतलं. 1911 पासून बाल्सेनने स्पेलिंगही जर्मन उच्चाराप्रमाणे केलं. मग या एकवचनाला नवं जर्मन अनेकवचन लागलं, 'केक्से'. म्हणजे अनेकवचनाचंच अनेकवचन. स्वीडिशमध्येही 'केक्स' म्हणजे बिस्कीट, डॅनिशमध्ये 'किक्स'. पण रशियनमध्ये आणि पोलिशमध्ये 'केक्स' म्हणाल, तर मनुका घातलेला केक समोर येईल.

मग 'बिस्कुईट' या शब्दाचं जर्मनमध्ये काय झालं? तो आहेच, पण त्याचा अर्थ स्पंज केक. खरं तर 'बिस्कीट' म्हणजे लॅटिन 'बिस कोक्तुस', दोनदा भाजलेलं. हा 'कोक्तुस'ही आपल्या 'पच्'च्याच घरातला. दोनदा भाजून पार कोरडी केलेली भाकरी लांबच्या सागरी प्रवासात टिकायची. डच 'बेस्खाउट' अजून तसाच कडक, टोस्टसारखा. अमेरिकेत मात्र मऊसूत, ग्रेव्हीबरोबर खायच्या छोट्या पावाला बिस्कीट म्हणतात. जर्मनांनी जुना अर्थ सोडला नाही, फक्त त्यासाठी भाषांतर करून 'त्स्वीबाक' असा स्वतःचा शब्द घडवला : 'त्स्वी' दोन, 'बाक' भाजणं.

आपल्याकडे 'केक्से'च्या जोडीला बसेल असा शब्द म्हणजे 'माचिस'. इंग्रजी 'मॅचेस'मधलं अनेकवचन आपण एकवचन म्हणून घेतलं आणि अर्थही काडीवरून पेटीवर नेला. 'एक माचिस दे' म्हटल्यावर कुणी एक काडी काढून देत नाही. असे आणखी शब्द कुणाच्या घरात, दुकानात किंवा गॅरेजमध्ये रोज बोलले जात असतील, तर इथे जरूर लिहा. कोणत्या जिल्ह्यात ऐकला तेही कळवा, म्हणजे पुढची चर्चा तिथून सुरू करता येईल.