चर्च नव्हतं तेव्हा पहिले ख्रिश्चन जमायचे कुठे?

प्रश्न: पहिल्या दोन-तीनशे वर्षांत चर्चच्या इमारतीच नव्हत्या म्हणतात, मग प्रार्थना वगैरे कुठे करायचे?

उत्तर १: कुणाच्या तरी घरी. सीरियात दुरा-युरोपोसला असं घर सापडलंय, इ.स. २४०च्या सुमाराचं, दोन खोल्यांमधली भिंत पाडून हॉल केलेला आणि बाजूच्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड, बाहेरून मात्र साधं घरच.

उत्तर २: रविवारी सुट्टी नसायची हेही धरा. ११२च्या आसपास रोमन गव्हर्नर प्लिनीने सम्राट ट्राजनला कळवलंय की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे उजाडायच्या आत जमून ख्रिस्ताचं स्तोत्र म्हणतात. मग दिवसभर कामधंदा, बहुतेक.

उत्तर ३: आणि उपास! बुधवार-शुक्रवार. आणि प्रार्थनेला जे आले नाहीत त्यांना डीकन (मंडळीचे सेवक) तिथली भाकर घरपोच द्यायचे, हे मला फार आवडतं.

प्रश्नकर्ता: भिंत पाडली? भारीच की!