मदत हवी आहे: डायलिसिसमध्ये बीपी पडतं, वेळ वाढवावी की ड्राय वेट?

आईचं हिमोडायलिसिस आठवड्यातून तीनदा, चार-चार तास चालतं. ड्राय वेट (जादा पाणी काढून टाकल्यावरचं वजन) 52 किलो, मधल्या दिवसांत वजन साधारण 3 किलो वाढतं. तिसऱ्या तासाला बीपी कोसळतं, पायात गोळे येतात.

मशीनचं तापमान 36 वर आणलंय, बीपीची गोळी नंतर देतो, डायलिसिस चालू असताना खाणं बंद, मीठही कमी केलंय (नुसतं 'पाणी कमी पी' म्हणून भागत नाही, तहान मिठानेच लागते). इको नॉर्मल आहे, मधुमेह नाही, लघवी जवळजवळ बंद.

हिशेब केला तर ताशी किलोमागे 14 मिलीच्या वर पाणी निघतंय. 13 च्या आत ठेवावं म्हणतात. साडेचार तास केले तर ते बसतं. सेंटरवाले मात्र ड्राय वेट वाढवू म्हणतात. सूज नाही, पण आडवं झाल्यावर कधीकधी धाप लागते, म्हणजे अंगात पाणी उरत असावं, म्हणून मला ते पटत नाही.

ड्राय वेट बदलण्याआधी डॉक्टरांकडे बायोइंपिडन्स (अंगातलं पाणी मोजायची तपासणी) मागावं की फुफ्फुसांची सोनोग्राफी? आणि अर्धा तास वाढवून कुणाचं बीपी खरंच सावरलंय का?