'तुरळक ठिकाणी मुसळधार' म्हणजे नेमका किती पाऊस?

घोडबंदरकर
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून जुंपली आहे. हवामान खात्याचा अंदाज आला: 'ठाणे जिल्ह्यात बहुतांश ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस, तुरळक ठिकाणी मुसळधार.' एक काकू म्हणतात, तुरळक म्हणजे थोडासा, मग मुसळधार कसा? दुसऱ्या विंगमधल्या काकांच्या मते ही निव्वळ पळवाट आहे. पडला तरी खरं, नाही पडला तरी खरं. या शब्दांना काही ठरलेला अर्थ असतो की लिहिणाऱ्याच्या मनावर? 'अतिवृष्टी' आणि 'ढगफुटी'चंही जमल्यास सांगा, तेही कुणीही कुठेही वापरतं.

खाडीपलीकडे
काकांना माझं मत. ऐरोलीत छत्री नेली की पाऊस येत नाही, एवढा अंदाज पुरतो.

दवबिंदू
ठरलेला अर्थ आहे, आणि तो अगदी आकड्यात आहे.

आधी काकूंची शंका. 'तुरळक' हे विशेषण 'ठिकाणी'चं आहे, पावसाचं नाही. तुरळक वस्ती, तुरळक वाहतूक म्हणतो तेच हे तुरळक: विखुरलेलं, इथे एक तिथे एक. पाऊस किती पडेल हे पुढचा शब्द सांगतो. म्हणजे ठिकाणं मोजकी, पण जिथे पडेल तिथे जोरदार.

खात्याच्या भाषेत या 'ठिकाणी'ची शिडी आहे. त्या भागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी साधारण २५ टक्क्यांपर्यंत पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक ठिकाणी, ५० पर्यंत काही ठिकाणी, ७५ पर्यंत बऱ्याच ठिकाणी, आणि त्यावर बहुतांश ठिकाणी. दुसरी शिडी जोराची, २४ तासांतल्या मिलिमीटरची. १५.५ पर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. तुमच्या वाक्यात दोन विधानं आहेत: जिल्हाभर बहुतेक केंद्रं भिजतील, पण ६४.५ चा टप्पा त्यातली फार तर पाव केंद्रं ओलांडतील. यात पळवाट कुठे आहे? उलट मला तर हे नेमकं वाटतं. फक्त ते खात्याच्या लोकांना नेमकं वाटतं, वाचणाऱ्याला नाही, हे मान्य.

शिवाय अंदाज जिल्ह्याचा असतो हे विसरू नका. पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला तरी ठाणे जिल्हा मीरा-भाईंदरपासून शहापूर, मुरबाडपर्यंत आहे. एका टोकाला खाडी, दुसऱ्याला माळशेज घाट.

घोडबंदरकर
शिड्या समजल्या. पण पाव केंद्रं कुठली, हे का सांगता येत नाही? परवा कासारवडवलीत रस्त्यावर पाणी आणि नौपाड्यात ऊन. एकाच शहरात असं कसं?

दवबिंदू
कारण गडगडाटी ढग स्वभावानेच एकलकोंडा असतो. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात काय होतं बघा. जमीन तापते, तिच्या लगतची हवा हलकी होऊन वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते आणि किलोमीटरला साधारण १० अंश या दराने थंड होते. आपली हवा दमट, त्यामुळे फार वर जायच्या आतच तिचा दवबिंदू गाठला जातो आणि बाष्पाचे थेंब व्हायला लागतात. खरी गंमत इथून पुढे. बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, दर ग्रॅममागे जवळपास ६०० कॅलरी. त्या उष्णतेने ढगातली हवा भोवतालच्या हवेपेक्षा गरम राहते आणि अजून वर जाते. ढग स्वतःचं इंधन स्वतः पेटवतो म्हणा. असा ढग १२-१५ किलोमीटर उंच सहज जातो.

आता, एका जागी हवा वर गेली तर ती कुठेतरी खाली यायलाच हवी. ती ढगाच्या आजूबाजूला उतरते, उतरताना दाबली जाऊन गरम होते, आणि तिथे ढग धरत नाही. कासारवडवलीचा पाऊस आणि नौपाड्याचं ऊन हे एकाच घडामोडीचे दोन भाग आहेत. तुरळकपणा अंदाजाचा दोष नाही, हवेचा गुण आहे.

ढग नेमका कुठे धरेल याला येऊरचा आणि पारसिकचा डोंगर थोडी मदत करतात, चढ आला की हवा आपोआप वर ढकलली जाते. दुपारचे खारे वारे जिथे जमिनीवरच्या वाऱ्याला भिडतात तिथेही हवा वर चढते. पण ती रेघ आज कळव्यावरून जाईल की घणसोलीवरून, हे आदल्या दिवशी कोण सांगणार? शिवाय एकेका ढगाचं आयुष्य अर्धा-पाऊण तास. पाऊस सुरू झाला की त्याच्याबरोबर थंड हवा खाली कोसळते (सरीच्या आधी येतो तो सोसाट्याचा वारा हाच), आणि वर जाणारा झोत तुटतो. ती थंड हवा पसरत जाऊन शेजारच्या गरम हवेला उचलते आणि दुसरा ढग उभा राहतो.

मुरबाडची लेक
आमचे आजोबा वळवाच्या पावसाला म्हणायचे, बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं. हस्ताचा पाऊसही तसाच. तेव्हा टक्केवारी नव्हती, पण अर्थ तोच की!

खाडीपलीकडे
मग जुलैत का नाही तसं? तेव्हा पनवेलपासून ठाण्यापर्यंत सगळं एकसारखं कुंद असतं.

दवबिंदू
जुलैत नैर्ऋत्येकडून समुद्रावरची ओली हवा जाड थराने येते आणि सह्याद्रीला अडून एकदम मोठ्या पट्ट्यात वर चढते. म्हणून थरांचे ढग, मळभ, संततधार. तेव्हा अंदाजात 'बहुतांश ठिकाणी' दिसतं. पण त्या थरांच्या पोटातही उंच ढग दडलेले असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला ७३. मुंबई एकच.

ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटरच्या भागात तासाला १०० मिलिमीटर. दिवसभरात १०० पडला तर ती ढगफुटी नव्हे, वाहिन्या काहीही म्हणोत.

सातबारा
'अतिवृष्टी'चा घोळ मी सोडवतो, माझा संबंध महसूलच्या कागदांशी येतो. पंचनाम्याच्या भाषेत महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. म्हणजे हवामान खात्याचा नुसता 'मुसळधार' हीच आमची अतिवृष्टी. बातम्यांत मात्र २०० च्या पुढे गेल्यावर हा शब्द काढतात. शेतकऱ्याने मदतीसाठी अर्ज करताना बातमीतला अर्थ धरू नये. आणि दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात, काल संध्याकाळचा पाऊस आजच्या तारखेला लागतो. यावरून तलाठ्याशी भांडणारे पुष्कळ पाहिले.

घोडबंदरकर
सगळ्यांचे आभार, ग्रुपवर टाकलं. काकूंचं उत्तर आलं: 'ते पाव केंद्र मरू दे, गच्चीवर पापड घालू का नको ते विचार.'

दवबिंदू
काकूंना सांगा, त्यासाठी जिल्ह्याचा अंदाज बघूच नये. खातं पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा काढतं, तो रडारवर उभा राहिलेला ढग बघून दिलेला असतो. पापड तीन तासांत वाळणार असतील तर घाला.