मदत हवी आहे: बायोस अपडेटनंतर चारपैकी दोनच ग्राफिक्स कार्डं चालतात

कृष्णाकाठ (शनिवार, सकाळी ९:४०)

नमस्कार मंडळी,

काल रात्रीपासून अडकले आहे. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

मी आणि धाकटा भाऊ सांगलीत थ्रीडी वॉकथ्रूचं (संगणकावर उभ्या केलेल्या वास्तूतून फिरवून आणणाऱ्या चित्रफितीचं) काम करतो. सध्या एका जुन्या वाड्याचं काम हातात आहे. वाडा आता निम्मा पडला आहे. घरातले जुने फोटो आणि आर्किटेक्टबाईंनी घेतलेली मापं यांवरून आम्ही चौक, सोपा, माजघर, देवघर सगळं पुन्हा उभं केलं. गुरुवारी संध्याकाळी ते कुटुंब एकत्र बसून बघणार आहे. त्यांच्या आजी ९१ वर्षांच्या आहेत आणि त्या वाड्यातच लग्न होऊन आल्या होत्या. त्यामुळे तारीख पुढे ढकला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

रेंडर करायच्या, म्हणजे संगणकाकडून एकेक चित्र तयार करून घ्यायच्या, १२०० फ्रेम उरल्या आहेत. चार कार्डांवर एका फ्रेमला साधारण ४ मिनिटं लागतात, म्हणजे ८० तास. दोनच कार्डं चालली तर १६० तास, आणि तेवढा वेळ नाही.

मशीन असं आहे: थ्रेडरिपर ३९६०एक्स, टीआरएक्स४० चिपसेटचा मदरबोर्ड, आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) चार, १६०० वॅटचा पॉवर सप्लाय, दोन एनव्हीएमई ड्राइव्ह, विंडोज ११. चौथं कार्ड रायझर केबलवर (स्लॉटपासून लांब कार्ड जोडणाऱ्या केबलवर) उभं लावलं आहे, कारण चारही एकाला एक चिकटून बसवली की मधली दोन फार तापतात. हीच मांडणी दोन वर्षं बिनतक्रार चालली.

परवा रॅम वाढवून १२८ जीबी केली. नवी रॅम नीट चालेना, म्हणून मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून नवं बायोस (मशीन सुरू होताना बोर्डावर आधी चालणारं सॉफ्टवेअर) घेऊन टाकलं. यूपीएस जोडलेला होता, अपडेट मध्ये कुठेही थांबलं नाही. रॅम लगेच सुरळीत झाली, पण चारही कार्डं लावून मशीन सुरू केलं की पडदा काळाच राहतो आणि बोर्डावरच्या छोट्या आकड्यांच्या पट्टीवर ‘डी४’ दिसतं. तीन लावली तर विंडोज उघडतं, पण तिसऱ्या कार्डावर पिवळं चिन्ह येतं आणि ‘कोड १२’ दिसतो. दोन लावली तर सगळं ठीक. कार्डं आलटून पालटून बघितली, चारही एकेकटी उत्तम चालतात.

अपडेटमध्ये बोर्डाचे स्लॉट गेले असतील का? जुन्या बायोसवर परत जाऊ का?

तारयंत्र (शनिवार, सकाळी १०:१५)

ताई, आधी ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाका. सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर पुसून टाकणारं सॉफ्टवेअर) चालवा. आणि कार्डांना एसएलआय ब्रिज (कार्डं एकमेकांना जोडणारी पट्टी) लावलाय का?

घाटमाथा (शनिवार, सकाळी १०:५०)

कृष्णाकाठ ताई, घाबरू नका, स्लॉट गेलेले नाहीत. दोन्ही खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. ‘डी४’ म्हणजे बायोसला पीसीआय उपकरणांना (स्लॉटमध्ये लावलेली कार्डं वगैरे) वाटायला मेमरीचे पत्ते (अ‍ॅड्रेस) पुरले नाहीत. कोड १२ म्हणजे विंडोज तेच सांगतंय, की या उपकरणाला लागणारी मोकळी जागा मिळाली नाही. डी४ तर विंडोज सुरू होण्याच्याही आधी येतो, त्यामुळे ड्रायव्हर बदलून तो जाणार नाही.

प्रत्येक ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरकडे पत्त्यांची एक खिडकी मागतं. तुमच्या कार्डांची मुख्य खिडकी एरवी २५६ एमबीची असते, शिवाय दोन लहान. हे सगळं ३२ बिटच्या पत्त्यांत, म्हणजे पहिल्या ४ जीबीत बसवायचं झालं तर तिथे चिपसेट, यूएसबी, एनव्हीएमई, नेटवर्क आणि रॅमचा खालचा भागही दाटीवाटीने असतो. दोन कार्डं मावतात, तिसऱ्याला जागा उरत नाही. यावर उपाय म्हणजे ‘अबव्ह फोर जी डिकोडिंग’ हा पर्याय. तो चालू असला की खिडक्या ४ जीबीच्या वर उघडतात आणि तिथे जागाच जागा असते.

अपडेटनंतर बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळ पदावर येतात. तुमचं मशीन ज्यांनी जोडलं त्यांनी हा पर्याय तेव्हा चालू केला असणार. तो आता बंद झालाय. दोनच कार्डं लावून बायोसमध्ये जा, पीसीआयच्या सेटिंगमध्ये तो सापडेल.

पण थांबा, एक गोष्ट आधी बघा. सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करू देणारा बायोसचा पर्याय) चालू असेल तर तो बंद करावा लागेल, आणि विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर असेल तर सीएसएम बंद केल्यावर ते उठणारच नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ड्राइव्हच्या गुणधर्मांत जीपीटी (विभागणीची नवी पद्धत) लिहिलंय का बघा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा, बायोस बदललं की तो ती मागू शकतो.

जुन्या बायोसवर जाऊ नका. नवी रॅम त्यामुळेच चालली आहे, आणि काही बोर्ड मागे जाऊही देत नाहीत.

@तारयंत्र, सायकल्ससारख्या रेंडररला (फ्रेम तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला) एसएलआय लागत नाही, तो प्रत्येक कार्डाला वेगळं काम देतो. ३०६० ला तर ब्रिजची जागाच नाही.

कृष्णाकाठ (शनिवार, संध्याकाळी ७:५५)

घाटमाथा दादा, कसे आभार मानू! डिस्क जीपीटी आहे, बिटलॉकर नाही. सीएसएम बंद केला, अबव्ह फोर जी डिकोडिंग चालू केलं, सेव्ह केलं. मग मशीन बंद करून तिसरं कार्ड लावलं, विंडोज नीट उघडलं. परत बंद करून चौथं लावलं. चारही दिसताहेत, कोड १२ गेला. आता रेंडर लावते आहे.

त्याच पानावर ‘रिसायझेबल बार’ असाही पर्याय आहे. तो चालू करायचा का?

घाटमाथा (शनिवार, रात्री ८:२०)

आत्ता नको. त्यात कार्डाची सगळी मेमरी एकाच खिडकीतून उघडते. खिडक्यांची मापं दुपटीनेच वाढतात, म्हणून १२ जीबीचं कार्ड १६ जीबीची खिडकी मागेल. त्याचा फायदा मुख्यतः गेममध्ये आहे. काम संपेपर्यंत एका वेळी एकच बदल करा.

कृष्णाकाठ (रविवार, सकाळी ६:३०)

पुन्हा मीच. रात्री साडेबाराला रेंडर थांबला, ६७ फ्रेम झाल्या होत्या. चौथं कार्ड मध्येच गायब झालं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया-लॉगर, इव्हेंट १७’ च्या शेकडो नोंदी आहेत. अपडेटच्या आधीच्या तारखांना अशी एकही नाही. तापमान ६८ अंशांच्या वर गेलेलं नाही. भाऊ म्हणतो कार्डच खराब झालं, पण माझं मन तयार होत नाही.

रानवाट (रविवार, सकाळी ८:०५)

ताई, तुमची रायझर केबल किती जुनी आहे? पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि बोर्ड यांमधली जोडणी) ३.० ची की ४.० ची?

इव्हेंट १७ म्हणजे जोडणीवर चूक झाली आणि ती दुरुस्त करून घेतली, अशी नोंद. अधूनमधून एखादी आली तर चालतं. शेकडो आल्या म्हणजे सिग्नल तुटतोय. तिसऱ्या पिढीचा (३.०) वेग लेनमागे, म्हणजे जोडणीतल्या प्रत्येक वाटेमागे, सेकंदाला ८ गिगाट्रान्सफर, चौथ्या पिढीचा १६. जुनी केबल ८ साठी बनवलेली असते. तुमचं कार्ड आणि बोर्ड दोन्ही चौथ्या पिढीची, त्यामुळे सेटिंग ‘ऑटो’ असेल तर ती १६ वर जुळवून घेतात आणि केबल मध्ये मार खाते. आधी कुणीतरी त्या स्लॉटचा वेग ‘जेन ३’ वर बांधून ठेवला असावा. अपडेटने तोही पुसला.

जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) खात्री करून घ्या, पण कार्ड मोकळं असताना बघू नका. काम नसलं की वेग आपोआप खाली येतो आणि १.१ असं दिसून फसायला होतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून कार्डाला काम द्या, मग आकडा वाचा.

कृष्णाकाठ (सोमवार, संध्याकाळी ७:१०)

रानवाट, अगदी तेच निघालं. केबल ३.० ची आहे, खोक्यावरच छापलंय. जीपीयू-झेडमध्ये चौथं कार्ड ४.० वर धावत होतं. बायोसमध्ये फक्त त्या स्लॉटला जेन ३ केलं, बाकी तीन ऑटोवरच ठेवले. वेळेत काहीच फरक पडला नाही, तेच ४ मिनिटं. सीन एकदा कार्डाच्या मेमरीत गेला की त्या रस्त्यावरून फारसं काही जात नसावं.

मशीन जोडून देणाऱ्यांना फोन केला होता. दोन्ही सेटिंग त्यांनीच केल्या होत्या, पण आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. बायोसमध्ये त्यांनी प्रोफाइलही सेव्ह केलं होतं, ते नव्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून आता प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि छापून कॅबिनेटच्या आत चिकटवला. कुणाला अपडेट करायचं असेल तर हे आधी करा, माझे दोन दिवस गेले.

काल दुपारी एकपासून रेंडर अखंड चालू आहे, इव्हेंट १७ ची नवी नोंद एकही नाही. ५१७ फ्रेम झाल्या, ६८३ उरल्या, म्हणजे बुधवारी संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत. देवघराचा शॉट आत्ताच पुरा झाला. समईचा उजेड भिंतीवर हवा तसा पडलाय.